राघोत्तमरावांचा प्रभार

राघोत्तमराव हे नाकासमोर चालणारे गृहस्थ. आयुष्यात त्यांच्या हातून एकच वाईट गोष्ट झाली आणि तीही नाकासमोर चालतानाच झाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत वाट पाहत बसायचा की हा माणूस आता लाच खाईल, मग खाईल. त्यांनी कुणाचा चहासुद्धा कधी घेतला नाही.

घराणं तंजावरचं मराठी. पूर्वज केव्हातरी राजाच्या फौजेमागून दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. वडील तालुका कचेरीत दप्तर सांभाळत. मुलगा पंचविसाव्या वर्षी लघुलेखनाची परीक्षा देऊन मद्रासला आला, शहराचं नाव चेन्नई झालं तरी त्याच नोकरीत राहिला आणि शेवटची अकरा वर्षं एग्मोरच्या पोलीस तक्रार मंडळात अधीक्षक म्हणून बसला. वेलचेरीत दोन खोल्यांचं घर, बायको अलमेलू, आणि बंगळूरला एका कंपनीत असलेला मुलगा विश्वेश. विश्वेशला मराठी कळे पण तो उत्तर तमिळमध्ये देई. राघोत्तमरावांना त्याचं वाईट वाटे, पण बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. चौतीस वर्षांत त्यांनी पाठवलेला एकही कागद 'जोडपत्रे अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आला नव्हता. तांबड्या पेन्सिलीनं पानांना आकडे घालायचे, यादीशी ताडून पाहायचे, मगच फायलीची लेस बांधायची. हाताखालची मंडळी पाठीमागे हसत. हसू देत. कचेरीत हसण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

मंडळाचं काम पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचं. पोलिसांनी कुणाला मारलं, विनाकारण डांबून ठेवलं, तर त्याची दाद परत पोलिसांकडेच मागायची पाळी येऊ नये, म्हणून हे स्वतंत्र मंडळ. पाटीवर तसं ठळक लिहिलेलंही होतं. जागा सरकारची, पगार सरकारचा, पंखा बिघडला तर अर्ज सरकारकडे. तेवढं सोडलं तर मंडळ अगदी स्वतंत्र होतं. वर अध्यक्ष, दोन सदस्य. त्यातल्या एका सदस्यानं राजीनामा दिला होता आणि दुसऱ्याची नेमणूक कधी झालीच नव्हती. अध्यक्ष मात्र खरे होते. निवृत्त न्यायाधीश तिरुवेंगडम. शिडशिडीत, कमी बोलणारे, आणि हिरव्या शाईचं पेन वापरणारे.

सप्टेंबरात कनका आली. ती फुलं विकायची. तिचा नवरा एळुमलै रिक्षा चालवायचा. कुणा उतारूचा फोन हरवला म्हणून त्याला पोलीस ठाण्यात नेलं, दोन दिवस ठेवलं, आणि सोडल्यावर चौथ्या दिवशी तो इस्पितळात वारला. ठाण्याच्या नोंदीत लिहिलं होतं की संडासात पाय घसरून पडला. या शहरात ठाण्यातले संडास फारच निसरडे असावेत, कारण तिथे गेलेली माणसं नेहमी तिथेच पडतात.

कनकानं सोबत एका बाईंना आणलं होतं. सईबाई त्यांचं नाव. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या गजांमधून ठाण्याचं मागचं आवार दिसे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे एका माणसाचे पाय दांड्याला बांधून त्याला मारत होते, आणि मारणारे तिघं कोण, हे त्यांनी पाहिलं होतं. साक्ष द्यायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. रोज सकाळी फुलं आणणाऱ्या बाईचं तोंड चुकवता येईना म्हणून त्या आल्या होत्या. मग त्यांची नजर टेबलावरच्या नावाच्या पाटीवर गेली.

"तुमी आपल्यांतले कां?" त्या एकदम मराठीत म्हणाल्या. तंजावरच्या मराठीत.

"होय, अक्का. आमचं घर पश्चिम राजवीथींत."

सईबाईंचा चेहरा सैल झाला. नवऱ्यामागं घरात ती भाषा बोलायला त्यांना कुणी उरलं नव्हतं. "मी बघट्लें," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यानं बघट्लें. पावम, बिचारा आईला हाक मारत होता. पण मला भय होतंय. मी एकटी राहत्यें. समोर तेच लोक."

"भय नक्को. तुमचं नाव ह्या खोलीभायेर जाणार नाही. मी सांगतों."

हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. तिरुवेंगडमसाहेबांची एक रीत होती. तक्रार आली की नियमाप्रमाणे तिची प्रत पोलिसांकडे म्हणणं मागवायला जाई. पण ज्या प्रकरणात साक्षीदाराच्या जिवाला घोर असे, त्या फायलीच्या कडेला साहेब हिरव्या शाईत 'आत' एवढंच लिहीत. मग राघोत्तमराव साक्षीदाराची जबानी आणि पत्ता असलेला कागद काढून घेत, यादीत त्यापुढे 'अध्यक्षांकडे' अशी नोंद करत, तो लिफाफ्यात घालून लाखेनं बंद करत, आणि तो लिफाफा साहेबांच्या कपाटात जाई. पोलिसांना तक्रार मिळे, साक्षीदार मिळत नसे. सात वर्षं हे चाललं होतं. राघोत्तमरावांना ती रीत सूर्य उगवण्याइतकी पक्की वाटे.

सईबाईंनी सगळं सांगितलं. राघोत्तमरावांनी ते तमिळमध्ये टाइप केलं, वाचून दाखवलं, सही घेतली. जोडपत्र क्रमांक चार. त्या जाताना म्हणाल्या, "आपलं मनुष्य आहे मणून सांगट्लें." कनकानं दोघांनाही हात जोडले.

पुढच्या शुक्रवारी तिरुवेंगडमसाहेबांची मुदत संपली. टेबलावर एकोणीस फायली होत्या. दुपारी निरोपसमारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली, आणि साहेब गाडीत बसून अड्यारला घरी गेले. रात्री घरी फायलींची यादी मनात घोळवताना राघोत्तमराव अंथरुणात उठून बसले. सतरा फायलींवर साहेबांचा हात फिरला होता. दोन राहिल्या होत्या. त्यातली एक साधी, साक्षीदार नसलेली, आणि दुसरी कनकाची.

नवे अध्यक्ष महिन्याभरात येतील असं सगळे म्हणत होते. आले नाहीत. आला तो एक आदेश: पुढील व्यवस्था होईपर्यंत अधीक्षक राघोत्तम राव यांनी मंडळाचा प्रभार सांभाळावा, दैनंदिन कामकाज पाहावे, धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत. म्हणजे पोलिसांवर देखरेख करणाऱ्या या मंडळाचे प्रमुख आता राघोत्तमराव. अलमेलूनं ते ऐकून पदर तोंडाला लावला. "अय्यो, मणजे आता पोलीस तुमाला सलाम करणार कां? मग कोपऱ्यावरच्या त्या शिपायाला सांगा, माझ्या भाजीवालीला उठवूं नक्को."

तिची थट्टा राघोत्तमरावांना लागली नाही. त्यांचं लक्ष दिवस मोजण्याकडे होतं. नियम असा की नव्वद दिवसांत पोलिसांचं म्हणणं मागवलं नाही, तर तक्रार निकाली निघाली असं समजावं. त्यांनी सरकारला पत्र लिहिलं: साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवण्याबाबत मार्गदर्शन व्हावे. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं. वरच्या कचेरीनं ताकास तूर लागू दिली नाही. साठ दिवस झाले, सत्तर झाले. दर सोमवारी कनका फुलांची रिकामी टोपली घेऊन यायची आणि बाकावर बसायची. "सार, पुढं काय?" ती विचारी. "चाललंय," ते म्हणत.

एका रविवारी ते फाईल पिशवीत घालून अड्यारला गेले. न्यायाधीश लुंगी नेसून झाडांना पाणी घालत होते.

"साहेब, एवढ्या एकाच फायलीवर आपला शब्द राहिला. जुनी तारीख घालून..."

"राघोत्तम, मी अध्यक्ष नाही. आता लिहिलं तर ते खोटं होईल. मी खोटं लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे."

राघोत्तमरावांनी तरीही पिशवीतून फाईल काढून त्यांच्या हातात दिली.

"तो कागद तू काढून ठेव," साहेब म्हणाले. "प्रभार तुझ्याकडे आहे."

"मला अधिकार नाही, साहेब."

"आणि मला कुठे होता? नियम उघडून बघ. तो लिफाफा नियमांत कुठेही नाही. मी काढून ठेवत होतो, एवढंच. कुणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. सात वर्षांत कुणी विचारलं नाही."

राघोत्तमरावांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. सात वर्षं जिला ते कायदा समजत होते, ती एका माणसाची हिंमत होती. ती हिंमत बागेतल्या पाइपाशेजारी उभी होती आणि तिनं सरळ त्यांच्या हातात फाईल परत दिली. वेलचेरीची गाडी मिळेपर्यंत ते फलाटावर पिशवी पोटाशी धरून बसले.

घरी अलमेलूनं ऐकून घेतलं. आता ती थट्टा करत नव्हती. "ठेवा की एक कागद काढून. आकाश कोसळणार कां?"

"तक्रारींतच लिहिलंय, जोडपत्रं चार मणून. तीनच गेली तर त्यांचा वकील पहिल्या दिवशी तेच धरणार. मागं एका दुसऱ्या कचेरींत झालंय. एक कागद कमी मणून पुरी तक्रार गेली."

"आणि त्या बाईला सांगट्लं ते?"

राघोत्तमरावांनी फाईल परत पिशवीत घातली. वकिलाचं कारण खरं होतं. पण त्याच्या खाली दुसरं कारण होतं आणि ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्यांना भीती वाटत होती. पोलिसांची नव्हे. आपण पाठवलेला कागद अपूर्ण म्हणून परत येईल, कुणीतरी विचारील की हे कुणी काढलं, आणि त्या प्रश्नाखाली आपलं नाव लिहावं लागेल, याची. इतक्या क्षुल्लक भीतीपायी माणसं काय काय करतात, याचा हिशेब कुठलंच मंडळ ठेवत नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी वादळ आलं. डिसेंबरचे दिवस. वेलचेरी पाण्याखाली गेली, खालच्या मजल्यावरच्यांनी गाद्या जिन्यात आणून ठेवल्या, कचेऱ्यांना सुट्टी जाहीर झाली. सुट्टीत मुदत थांबते की नाही, हे नियमांत लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नसलं की राघोत्तमराव वाईट तेच धरत. एकोणनव्वदाव्या दिवशी सकाळी त्यांनी घरी आणून ठेवलेलं तक्रारीचं पाकीट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं, डोक्यावर धरलं, आणि कमरेएवढ्या पाण्यातून रस्त्यापर्यंत गेले. पुढे पालिकेच्या ट्रॅक्टरमधून, मग बसनं, मग चालत. पोलिसांच्या मुख्य कचेरीत टपाल घेणारा एकटा हवालदार बसला होता. त्यानं या भिजलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, पाकीट घेतलं आणि पोचेवर शिक्का मारला. जोडपत्रे चार. पूर्ण.

खरं सांगायचं तर परत येताना त्यांना बरं वाटत होतं. तक्रार जिवंत राहिली होती. साठीला टेकलेल्या माणसानं वादळात जाऊन ती जिवंत ठेवली होती. त्यांनी अलमेलूला शिक्का दाखवला. ती म्हणाली, "सरि, आधी कपडे बदला."

त्यानंतर काय झालं ते सईबाईंच्या शेजारणीनं कनकाला सांगितलं, कनकानं राघोत्तमरावांना. कुणी सईबाईंना धमकी दिली नाही. तिथे फार सभ्य लोक होते. रोज सकाळी दोन पोलीस यायचे, चपला बाहेर काढायचे, 'टीचर, पडताळणी आहे' म्हणायचे आणि बसायचे. कॉफी मागायचे. स्वयंपाकघराच्या गजांपाशी उभं राहून म्हणायचे, इथून दिसतं तरी किती? चष्म्याचा नंबर किती तुमचा? रात्री लवकर झोपता ना? दार आतून नीट लावता ना? तिसऱ्या आठवड्यात घरमालकानं जागा सोडायला सांगितलं. बाई फुलं घ्यायला दार उघडेनाशा झाल्या.

जानेवारीत त्या मंडळात आल्या. भाचा सोबत होता. त्यांच्या हातात लिहून आणलेला कागद नव्हता, म्हणून जबानी घ्यावी लागणार होती, आणि ती घेणारे राघोत्तमरावच.

"बसा, अक्का," ते म्हणाले. "पाणी देऊं कां?"

सईबाई तमिळमध्ये म्हणाल्या, "नको. लिहून घ्या."

"अक्का, मी..."

"लिहून घ्या," त्या पुन्हा तमिळमध्येच म्हणाल्या. "माझी दृष्टी अधू आहे. त्या दिवशी मी काही पाहिलं नाही. कनका या बाईच्या सांगण्यावरून मी आधीची जबानी दिली."

राघोत्तमराव मराठीत विचारत राहिले आणि त्या तमिळमध्ये उत्तर देत राहिल्या, परक्या कचेरीत परक्या माणसाला द्यावं तसं. शेवटी तेही तमिळमध्ये बोलू लागले. टाइप करताना त्यांची बोटं चुकत होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच एका पानात तीन चुका झाल्या. त्यांनी वाचून दाखवलं. सईबाईंनी अक्षराअक्षराला थांबत सही केली आणि भाच्याचा हात धरून उठल्या. दारातून वळून बघतील असं राघोत्तमरावांना वाटलं. त्या वळल्या नाहीत. ते खुर्चीत बसून रडले, आणि हे शिपायानं पाहिलं, म्हणून माहीत आहे.

फेब्रुवारीत नव्या अध्यक्षा आल्या. अलकनंदा रिसबूड, केंद्र सरकारच्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, पुण्याच्या, पण तीस वर्षं चेन्नईत काढलेल्या. हुशार बाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या फायली वाचून काढल्या. राघोत्तमरावांना त्यांनी आपणहून मराठीत बोलावलं.

"राव, तुमच्या प्रभाराच्या काळात एकही तक्रार मुदतीबाहेर गेली नाही. ती वादळातली पोच मी पाहिली. कमाल केलीत. मी सरकारला तसं कळवणार आहे."

"बाईसाहेब, ती फाईल..."

"कनका प्रकरण ना? साक्षीदार फिरली, बंद करावं लागेल. दुर्दैव आहे."

"साक्षीदार फिरली नाही, बाईसाहेब. तिचं नाव मी पाठवट्लें. नाही सांगणार मणून शब्द देऊन पाठवट्लें. तेवढं फायलींत लिहा. अधीक्षकाची चूक, मणून लिहा."

अलकनंदाबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, त्या कलमावर बोट ठेवलं आणि ते त्यांच्याकडे फिरवलं. सर्व जोडपत्रांसह, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. "चूक कुठे आहे? तुम्ही नियमानं वागलात. मी खोटा ठपका कसा ठेवू?" त्यांच्या आवाजात खरी कणव होती. "मनाला लावून घेऊ नका. निवृत्तीला किती महिने राहिले?"

"चार."

"मग झालं तर."

सोमवारी कनका आली. तक्रार बंद झाल्याचं पत्र राघोत्तमरावांनी तिला वाचून दाखवलं, आणि मग कुणी सांगितलं नव्हतं तरी पुढचंही सांगितलं: सईबाईंचं नाव पोलिसांकडे कसं गेलं, कुणी नेलं, कसं पाण्यातून नेलं. कनकाला वाटत होतं, पोलीस रोज घरी येऊन कॉफी पितात म्हणजे बाई पैसे घेऊन फिरली. दोन महिने तिनं त्या म्हातारीला शिव्या घातल्या होत्या, त्यांच्या जिन्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. आता तिनं टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हात खाली घेऊन ती म्हणाली, "सार, पोलिसांवर तक्रार करायची तर इथं यायचं. तुमच्यावर करायची तर कुठं जायचं?"

राघोत्तमरावांनी विचार केला. खरंच केला. त्यांना सगळ्या कचेऱ्या, सगळे विभाग तोंडपाठ होते. अशी जागा त्यांना आठवेना. मग त्यांनी कोरा कागद घेतला, आणि ती सांगेल तसं तिच्या शब्दांत लिहीत गेले. तिनं काहीही मऊ केलं नाही. त्यांनीही केलं नाही. एळुमलैचं नाव, सईबाईंचं नाव न घालता नुसतं 'एक साक्षीदार', आणि खाली: या अधिकाऱ्यानं शब्द मोडला, त्यामुळे माझ्या नवऱ्याला न्याय मिळाला नाही. कनकानं सही केली. त्यांनी आवक क्रमांक घातला, पोच दिली आणि कागद अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आठवड्यानं तो परत आला. प्रस्तुत तक्रार पोलिसांविरुद्ध नसल्याने मंडळाच्या कक्षेत येत नाही. अर्जदारास तसे कळवावे. राघोत्तमराव अध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले की एवढ्या एका पत्रावर तरी सही आपण करा.

"पत्रव्यवहारावर अधीक्षकाचीच सही असते, राव," अलकनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला मी का सांगायला हवं?"

ते जागेवर आले. पत्र टाइप केलं, ताडून पाहिलं, आणि सही करून कनकाच्या पत्त्यावर टपालात टाकायला दिलं.